किड्यांच्या वेळापत्रकाने आंबोली

बुधवार : पुणे ते आंबोली

गणपती उरकून कोकणातली गर्दी ओसरलेली असते आणि पाऊस मात्र अजून पुरता परतलेला नसतो, असा सप्टेंबरअखेरचा आठवडा आम्ही मुद्दाम निवडला होता. आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि त्यातला बहुतेक जून ते ऑगस्टमध्ये पडतो. त्या दिवसांत बेडूक आणि साप पाहणाऱ्यांची तिथे चंगळ असली, तरी कीटकांचे छायाचित्रण करणाऱ्याला मात्र पिशवीतून कॅमेरा बाहेर काढण्याची संधी फारशी मिळत नाही. सप्टेंबर संपता संपता उघडिपी वाढतात, सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) फुले येतात, गवत कमरेएवढे झालेले असते आणि पावसाळाभर पाने खाऊन पोसलेले सुरवंट, अळ्या आणि पिल्ले मोठी होऊन उजेडात आलेली असतात.

सोबत प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक होते, ज्यांना आम्ही सगळे नुसते 'सर' म्हणतो. ते कोल्हापुरात गाडीत बसले आणि निपाणी येईपर्यंत त्यांनी सहलीचा नियम घालून दिला : कीटक पकडायचा नाही, फ्रीजमध्ये गार करायचा नाही, डिंकाने चिकटवायचा नाही आणि फोटोसाठी फांदीही तोडायची नाही. हे सांगणाऱ्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे कीटक मारून, टाचणीला टोचून महाविद्यालयाच्या लाकडी पेट्यांत लावलेले आहेत, त्यामुळे मी थोडा चकित झालो. सर म्हणाले, "त्या पेट्या उघडून बघ एकदा. निळा चतुर होता, तो तपकिरी झालाय. पोपटी नाकतोडा वाळल्या गवतासारखा दिसतो. आम्ही मुलांना आकार शिकवला, रंग कधी दाखवलाच नाही."

आजऱ्यात थांबून घनसाळ तांदूळ घेतला. या तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याच्या नावाखाली काहीही विकले जाते, तेव्हा वास घेऊनच घ्यावा. पुढे आंबोलीपर्यंत धुके होते आणि मुक्कामाच्या घरी पोचलो तेव्हा अंगणातला फणसही नीट दिसत नव्हता. घरमालकीण मावशींनी सामान पाहून विचारले, "इतक्या लांबसून किडे बघूक इलात? ते तर माझ्या घरात फुकट गावतत." तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, चवळीची उसळ आणि परसातल्या दोडक्याची भाजी असे जेवण झाले. फ्लॅशच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावून आम्ही लवकर झोपलो, कारण दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी बाहेर पडायचे होते.

गुरुवार, पहाट : चौकुळच्या वाटेवर

कीटकांचे शरीर सहसा आपल्यासारखे आतून तापत नाही. हवा गार असेल तर ते गार असतात आणि गार असताना त्यांना उडता येत नाही. जिवंत कीटकाचा जवळून फोटो काढण्याची निम्मी युक्ती या एका गोष्टीत आहे. दुपारी बारा वाजता ज्या चतुराच्या दोन मीटर जवळ जाता येत नाही, तोच चतुर पहाटे सहाला पंखांवर थेंब घेऊन गवताच्या काडीला लटकलेला असतो आणि भिंग त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आले तरी हलत नाही. बाहेर तापमान वीस अंशांच्या आसपास होते आणि धुके रस्त्यावर उतरले होते, त्यामुळे आम्हाला नेहमीपेक्षा जास्त वेळ मिळाला. साडेआठपर्यंत बहुतेक किडे जागेवरच होते.

मावशींचा पुतण्या आमच्याबरोबर आला. तो बारावी करून गावातच पर्यटकांना बेडूक आणि साप दाखवतो. त्याची नजर विलक्षण आहे : मी ज्या झुडपाकडे पाहून पुढे गेलो, त्याच झुडपात त्याने काडीकिडा, दोन टाचण्या (चतुराच्या नात्यातले बारीक अंगाचे किडे) आणि ढेकणाच्या जातीतल्या एका किड्याची अंडी दाखवली. अंडी तांदळाच्या कणीहून लहान होती आणि प्रत्येकीला गोल झाकण होते.

टाचणीचा फोटो हा या छायाचित्रणातला पहिला धडा मानायला हरकत नाही. माझ्याकडे १०० मिलिमीटरचे मॅक्रो भिंग आहे. त्याने १:१ आवर्धन मिळते, म्हणजे १५ मिलिमीटर लांबीच्या कीटकाची प्रतिमा सेन्सरवरही १५ मिलिमीटरचीच पडते. त्या वेळी भिंगाच्या टोकापासून कीटकापर्यंतचे अंतर जेमतेम १३ ते १५ सेंटीमीटर उरते. या आवर्धनाला छिद्र एफ/११ ठेवले (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) तरी स्पष्ट दिसणारी जाडी साधारण एक मिलिमीटर असते. टाचणी तिरकी असेल तर तिचा एक डोळा त्या मिलिमीटरात बसतो आणि बाकीचे अंग पुसट होते. म्हणून कॅमेऱ्याची पाठ टाचणीच्या लांब अंगाला अगदी समांतर आणायची. मग त्याच एका मिलिमीटरात डोळा, छाती, पंख आणि पोटाचे टोक असे सगळे मावते. यासाठी गुडघे, कोपर आणि कधी कधी हनुवटीही चिखलात टेकवावी लागते.

छिद्र आणखी लहान करून, एफ/२२ वर जाऊन जाडी वाढवावी असे प्रत्येक नवख्याला वाटते. त्याने जाडी वाढते, पण प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना तो पसरत असल्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो, कारण १:१ ला एफ/११ हेच प्रत्यक्षात एफ/२२ सारखे वागत असते. एफ/८ ते एफ/१४ यांच्या पलीकडे मी जात नाही.

ऑटोफोकस बंद ठेवावा. आवर्धन आधी ठरवून भिंगाचे कडे तिथे स्थिर ठेवायचे आणि आपण स्वतः केसभर पुढे-मागे होत डोळा स्पष्ट दिसल्या क्षणी बटण दाबायचे. काडी वाऱ्याने हलत असेल तर डाव्या हाताच्या दोन बोटांनी ती खालच्या बाजूला हलकेच धरावी आणि भिंगाचे टोक त्याच हातावर टेकवावे. मग वारा आला तरी काडी, हात आणि कॅमेरा तिन्ही एकत्रच हलतात आणि अंतर बदलत नाही. तिवई मी बरोबर नेली होती, पण ती गाडीतच राहिली. गवतात तिचा एक पाय रोवताना चार काड्या हलतात आणि ज्याच्यासाठी ती लावायची, तो उडून जातो.

जवळ जाताना आपली सावली किड्यावर पडू देऊ नये, हेही पुतण्याने सांगितले. त्याला ते बेडकांवरून माहीत होते. संयुक्त डोळ्यांना बारीक तपशील कमी दिसतो, पण उजेडातला बदल आणि आडवी हालचाल चटकन टिपली जाते. म्हणून सरळ रेषेत, सावकाश आणि खालून जावे.

दहाच्या सुमारास ऊन आले आणि बघता बघता सगळे गवत रिकामे झाले.

गुरुवार, दुपार : पडवीतला कारखाना

जेवण होते न होते तोच पाऊस आला. वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याची सांबारी आणि सोलकढी असल्यामुळे कोणाची काही तक्रार नव्हती. मग पडवीत बसून सरांच्या देखरेखीखाली आम्ही डिफ्युझर, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश पसरवणारा पडदा, तयार केला.

मॅक्रोमध्ये फ्लॅश का लागतो, हे आधी सांगायला हवे. १:१ आवर्धनाला दोन स्टॉप प्रकाश कमी होतो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो, वर छिद्र लहान ठेवलेले असते आणि झाडाखाली आधीच अंधार असतो. फ्लॅश कमी ताकदीवर, म्हणजे एकषोडशांशावर ठेवला, तर त्याची झलक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास टिकते आणि हाताचा कंपही गोठतो. पण उघडा फ्लॅश किड्यावर मारला की भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो आणि बाकी सगळे काळे होते. त्यावरचा इलाज प्रकाशाचा उगम मोठा करणे हा आहे, आणि मोठा म्हणजे किड्याच्या मानाने मोठा. एक सेंटीमीटरच्या किड्याला पोस्टकार्डाएवढा पांढरा पडदा त्याच्या डोक्यावर सात-आठ सेंटीमीटरवर धरला, तर त्याच्यापुरते ते ढगाळ आकाशच असते. हाच पडदा अर्ध्या मीटरवर नेला तर पुन्हा ठिपका होतो.

टीव्हीच्या खोक्यातून येतो तो पातळ पांढरा फोम, कात्रीने कापलेले प्लास्टिकचे दुधाचे कॅन आणि ट्रेसिंग पेपर असे साहित्य होते. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर, मग दोन बोटे मोकळी जागा आणि मग फोमची कमान अशी रचना सर्वांत चांगली ठरली. दोन पडद्यांमधली ती मोकळी जागा महत्त्वाची, कारण तिच्यामुळे प्रकाश दुसऱ्या पडद्यावर सारखा पसरतो. बाजारात तयार डिफ्युझर मिळतात आणि ते दिसायला सुबक असतात. माझे मत असे की पहिला तरी घरी करावा, म्हणजे प्रकाश कुठे अडतो ते कळते.

परीक्षा परसातच झाली. रताळ्याच्या वेलावर सोन्याच्या रंगाचे कासवासारखे भुंगेरे बसले होते, ज्यांना इंग्रजीत टॉर्टॉइज बीटल म्हणतात. कडेचे कवच काचेसारखे पारदर्शक आणि मधला भाग सोनेरी, असा हा साधारण सेंटीमीटरभराचा जीव. या सोन्याला सोनेरी रंगद्रव्य कारण नसते. कवचातल्या पातळ थरांमधला ओलावा प्रकाश परतवतो आणि त्यातून हा रंग दिसतो. किडा घाबरला की ओलाव्याचे प्रमाण बदलते आणि रंग पालटू लागतो. मेल्यावर तर तो मातकट होतो. त्यामुळे इथे नेहमीचा क्रम उलटा करावा लागतो. पहिला फोटो लांबून घ्यायचा, मग थोडे जवळ, मग आणखी जवळ; कारण प्रत्येक पावलाला रंग जाण्याची भीती असते. उघड्या फ्लॅशच्या फोटोत पाठीवर नुसता चटका दिसत होता. फोमच्या कमानीखाली मात्र सोन्यावरचे बारीक खळगे एकेक मोजता येत होते आणि कवचाच्या काचेतून खालच्या पानाच्या शिरा दिसत होत्या.

काळ्या पार्श्वभूमीबद्दल एक गोष्ट. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जातो, म्हणून किडा उजळतो आणि अर्ध्या मीटरमागचे झाड काळे पडते. दिवसाचा फोटो रात्रीचा वाटायला नको असेल तर किड्यामागे एखादे मोठे पान येईल असा कोन शोधावा, किंवा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० पर्यंत वाढवून शटर १/६० सेकंदाला आणावे, म्हणजे मागचा हिरवा रंगही थोडा भरतो.

गुरुवार, रात्र : पतंगांचा पडदा

रात्री आठला पाऊस थांबला. घरामागच्या मोकळ्या जागेत दोरीवर पांढरी चादर टांगून तिच्यापुढे १६० वॅटचा पाऱ्याच्या वाफेचा दिवा लावला. अमावास्या जवळ होती, हवा दमट आणि स्तब्ध होती. पतंगांसाठी याहून चांगली रात्र मिळत नाही. तासाभरात चादर भरली. शेजारची पाच-सहा मुले आली, मग त्यांच्या आया आल्या आणि मावशींनी सगळ्यांसाठी चहा टाकला. मला दोनदा हाक मारून झाल्यावर त्या वैतागून म्हणाल्या, "आधी जेवा, किडे खंय पळान जातत?"

चादरीवरच्या पतंगाचा फोटो सोपा वाटतो, पण पांढऱ्या कापडामुळे कॅमेरा फसतो आणि पतंग काळपट येतो. एक स्टॉप जास्त प्रकाश द्यावा लागतो. मला स्वतःला चादरीवरचे फोटो आवडत नाहीत. दिव्याच्या आसपासच्या भिंतीवर, फणसाच्या खोडावर, केळीच्या पानाखाली अनेक पतंग येऊन बसलेले असतात, ते शोधावेत. तिथे त्यांचे रंग ज्यासाठी आहेत ते काम करताना दिसतात. पंख पसरून बसणाऱ्या पतंगाचा फोटो पाठीशी समांतर राहून घ्यावा आणि छपरासारखे पंख मिटणाऱ्याचा बाजूने.

साडेनऊला कण्हेरीवरचा हिरवा हॉक मॉथ आला. गर्द हिरव्यात फिकट गुलाबी पट्टे असलेला हा मोठा पतंग चादरीच्या कडेला बसला आणि काही वेळाने त्याचे पंख थरथरू लागले. मुलांना तो घाबरला असे वाटले. सरांनी सांगितले की हा उडण्याची तयारी करतो आहे : एवढ्या जड शरीराला हवेत उचलण्यासाठी छातीचे स्नायू ३५ अंशांच्या पुढे तापवावे लागतात आणि ही थरथर म्हणजे तेच तापवणे. छायाचित्रकाराला यातून एक खूण मिळते. थरथर सुरू झाली की हातात थोडाच वेळ उरला, फोकस स्टॅकिंगसारखे (अनेक फोटो घेऊन जोडण्याचे) उद्योग सोडून द्यावेत. त्या थोड्या वेळात त्याच्या गुंडाळलेल्या सोंडेचा एक चांगला फोटो मिळाला.

दिवा साडेदहाला बंद केला आणि चादर झुडपांवर हलकेच झटकली. काही ठिकाणी रात्रभर दिवा जळत ठेवतात. मग पहाटे कोतवाल आणि दयाळ हे पक्षी येऊन चादरीवरच न्याहारी उरकतात. पतंगांचे आयुष्य थोडे असते आणि त्यातली आख्खी रात्र आपण चादरीवर घालवायला लावू नये.

शुक्रवार : हिरण्यकेशी

गावापासून पाचेक किलोमीटरवर हिरण्यकेशी नदीचा उगम आहे आणि तिथेच गुहेतले महादेवाचे मंदिर आहे. मंदिराच्या कुंडातल्या छोट्या माशाचे २०२० मध्ये शिस्तुरा हिरण्यकेशी या नावाने नवी जाती म्हणून वर्णन झाले आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. कुंडात उतरू नये आणि वारसा स्थळाच्या हद्दीत झुडपांत शिरू नये. वाटेच्या दोन्ही कडांना पुरेसे किडे आहेत.

वाटेवर एका खोडाला टेकलेला कालिदास सापडला. झाडाचा रस पिणाऱ्या या कीटकाच्या वंशाला कर्काल्डी नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने खरोखरच कालिदास हे नाव दिलेले आहे. तोंडाच्या टोकाशी देठासारखी बारीक दांडी असल्यामुळे तो चटकन ओळखू येतो. कॅमेरा जवळ नेला की तो खोडाभोवती आडवा सरकतो आणि पलीकडे दडतो. आपण पलीकडे गेलो की अलीकडे येतो. यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो. मी कॅमेरा डोळ्याला लावून एका जागी बसलो आणि पुतण्याने खोडाच्या मागच्या बाजूला सावकाश हात नेला, तेव्हा हाताला चुकवत कालिदास आपण होऊन माझ्यापुढे आला. त्याला स्पर्श करावा लागत नाही, बोटाची चाहूल पुरते.

पुढे ओंबील मुंग्यांची वाट होती. पाने शिवून घरटे करणाऱ्या या तांबड्या मुंग्यांचा फोटो घेताना एका जागी थांबण्याची मुंगी सापडत नाही, म्हणून मी वाटेवरच्या एका काटकीच्या टोकावर आधीच फोकस ठरवून ठेवला आणि मुंगी तिथे आली की बटण दाबत गेलो. पडद्यावर फोटो मोठा करून पाहत असताना पुतण्या म्हणाला, "सर, हेका आठ पाय आसत." खरोखरच ती मुंगी नव्हती. मुंगीचे रूप घेतलेला उडी मारणारा कोळी होता तो. पुढचे दोन पाय उचलून मिशांसारखे हलवत, मुंग्यांच्या जवळूनच चालत होता. नुसत्या डोळ्यांनी आम्हा तिघांनाही तो मुंगीच वाटला होता. कोळी हा कीटक नाही, हे सरांनी लगेच नोंदवून ठेवले, पण फोटो काढू नको असे ते म्हणाले नाहीत.

पुतण्याचा कॅमेराही याच वेळी कळला. जुन्या, बिघडलेल्या लेझर पॉइंटरचे भिंग काढून त्याने केसांच्या पिनेत अडकवले होते आणि ती पीन मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टीने बसवली होती. किड्यापासून दोन बोटे अंतरावर जावे लागते आणि कडा धूसर येतात, पण मोबाइलचा सेन्सर लहान असल्यामुळे त्याच चौकटीसाठी स्पष्टतेची जाडी माझ्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त मिळते. पाऊसकिड्याच्या मखमली पाठीचा त्याचा फोटो पाहून मी थोडा गप्प झालो. महाग भिंग घेण्याआधी सुरुवात करू इच्छिणाऱ्याला आणखी दोन स्वस्त वाटा आहेत : साध्या ५० मिलिमीटरच्या भिंगामागे ५० मिलिमीटरची नळी लावली की १:१ मिळते, आणि रेनॉक्स कंपनीचे आठ डायॉप्टर ताकदीचे चिमटाभिंग (भिंगापुढे चिमट्याने अडकवायचे जादा भिंग) बहुतेक झूमवर बसते. हेच चिमटाभिंग १०० मिलिमीटरच्या मॅक्रोवर लावले तर आवर्धन जवळजवळ दुप्पट होते, मात्र एफ/८ ला स्पष्ट जाडी पाव मिलिमीटरवर येते आणि माणसाचा श्वासही आड येऊ लागतो.

जळवांबद्दल सांगायलाच हवे. पोटऱ्यांपर्यंतचे जाड कापडी मोजे घालावेत, मिठाची किंवा तंबाखूची पुरचुंडी जवळ ठेवावी आणि जमिनीवर पालथे पडून फोटो घेतल्यावर पोट तपासावे.

शुक्रवार, संध्याकाळ : झोपलेल्या माश्या

पहाटेइतकीच संध्याकाळ उपयोगाची असते, पण ती बहुतेकांकडून चहात जाते. चौकुळच्या सड्यावर कवल्याच्या पिवळ्या फुलांवर दिवसभर निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या येत होत्या आणि त्यांचा एकही धड फोटो मिळत नव्हता. सर म्हणाले की मागे धावू नका, त्या झोपायला कुठे जातात ते शोधा. ऊन कलल्यावर सड्याच्या कडेला एका वाळलेल्या काडीवर त्या सापडल्या. या माश्यांना पोळे नसते. नर संध्याकाळी एकाच काडीवर जमतात, काडी जबड्यांत घट्ट धरतात आणि पाय सोडून नुसत्या जबड्यांच्या आधारावर रात्र काढतात. एकीखाली एक अशा पाच माश्या आडव्या ताठ राहिल्या होत्या. उशिरा आलेल्या एकाने वरच्या दोघांना ढकलले, थोडी कुरबूर झाली आणि मग तोही चावा घेऊन स्थिर झाला.

फोकस स्टॅकिंग जिवंत किड्यावर करायचे तर ते अशाच वेळी. फोकस थोडा थोडा पुढे सरकवत आठ-दहा फोटो घ्यायचे आणि नंतर संगणकावर प्रत्येकातला स्पष्ट भाग जोडायचा, अशी ही रीत आहे. पण मधल्या काळात मिशी जरी हलली तरी जोडलेल्या फोटोत दोन मिशा दिसतात. झोपलेल्या माशीची मिशीही हलत नाही. हातात कॅमेरा धरून, भिंगाचे टोक काडी धरलेल्या हातावर टेकवून, शरीर किंचित पुढे झुकवत सलग फोटो घेतले. पहिला मिशांच्या टोकांवर आणि शेवटचा पंखांच्या मुळाशी. मोठ्या हिरवट डोळ्यांभोवतीचे केस, पोटावरचे निळे पट्टे आणि काडीत रुतलेले जबडे असे सगळे एकाच फोटोत आले. फ्लॅशने माश्या जाग्या झाल्या नाहीत, तरी दोनच फेऱ्या करून आम्ही थांबलो.

शनिवार : गोठा आणि घाट

निघायच्या दिवशी सकाळी मावशींच्या गोठ्याबाहेर, गडग्यावरच्या पानावर एक गोमाशी बसली होती. गोमाशीचा फोटो कोणी काढत नाही, कारण ती चावते; चावते ती मादी आणि तिच्या दोन डोळ्यांमध्ये फट असते, नराचे डोळे एकमेकांना भिडलेले असतात. हिच्या डोळ्यांत फट होती. पहाटेचा गारवा असल्यामुळे ती हलत नव्हती, म्हणून मी समोरून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर गेलो.

पडद्यावर जे दिसले ते सरांना दाखवले, तर त्यांनी चष्मा काढून पुसला. हिरव्या डोळ्यांवर जांभळे-तांबूस आडवे पट्टे होते आणि कॅमेरा किंचित कलला की ते सरकत होते. डोळ्याच्या पारदर्शक आवरणातल्या अतिपातळ थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाने हे रंग तयार होतात. माशी मेली आणि थर वाळले की ते निघून जातात. सर म्हणाले, "आमच्या पेटीत गोमाश्यांची एक आख्खी ओळ आहे. सगळ्यांचे डोळे तपकिरी. मी मुलांना तपकिरीच काढायला लावले." इथे डिफ्युझर वर न धरता समोरच्या बाजूला थोडा खाली घ्यावा लागला, कारण हे रंग प्रकाश ज्या कोनातून येतो त्यावर ठरतात, प्रकाश वरून आला तर डोळ्यांचा वरचा अर्धाच भाग रंगतो.

न्याहारीला घावणे आणि नारळाचा रस होता. मग घाट उतरून पारपोलीला तासभर थांबलो. हे गाव फुलपाखरांसाठी ओळखले जाते आणि ब्लू मॉरमॉन, जे २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे, ओढ्याकाठच्या ओल्या मातीत क्षार शोषत बसलेले दिसले. चिखलावर बसलेले फुलपाखरू शोषण्यात गुंतले की जवळ येऊ देते. बसल्यावर मिनिटभर थांबून मगच सरकावे. ऊन चढल्यावर मात्र लांब भिंगाचीच जागा होती, मॅक्रोची नव्हे. जाताना पुतण्यासाठी माझे जुने चिमटाभिंग ठेवले आहे.

आंबोलीला जाणाऱ्यांसाठी थोडेसे. बाहेरच्या दमट हवेत भिंगावर वाफ धरते, म्हणून गाडीत एसी लावू नये किंवा कॅमेरा बंद पिशवीत सिलिका जेलसह ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. फ्लॅशसाठी बॅटऱ्यांचे दोन जादा संच घ्यावेत. रात्री वनक्षेत्रात शिरायचे असेल तर वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या दोन्ही हवेत. गवे रस्त्यावर येतात आणि ते विजेरीला घाबरत नाहीत.

परतल्यावर

फोटो निवडायला सहलीहून जास्त वेळ लागला. मला आवडलेले सगळे फोटो समोरून घेतलेले होते : डोळे, मिशा, जबडे. ते सरांकडे पाठवले आणि आयनॅचरलिस्ट या, जीवांची ओळख पटवणाऱ्या संकेतस्थळावरही चढवले, तेव्हा एका गांधीलमाशीची ओळख मात्र तिथे कोणालाच पटवता येईना. कीटकाची जात ठरवायला चेहरा फारसा कामाचा नसतो. पाठ, बाजू, पंखांवरच्या शिरा, पायांचे काटे आणि तो ज्या झाडावर होता त्याचे पान, एवढे सगळे लागते. आता मी प्रत्येक किड्याचे आधी तीन रूक्ष फोटो काढतो आणि मग चेहऱ्याकडे वळतो. त्या गांधीलमाशीचा मी मोठ्या हौसेने छापून पाठवलेला फोटो सरांनी टेबलावर ठेवला आहे. त्याच्या मागे पेन्सिलीने लिहिले आहे : "उत्तम. पंखांच्या शिरा दिसत नाहीत. ऑक्टोबरात परत जाऊ."